कोकणात पाऊस जूनचा, मागणी डिसेंबरात: बेने इस्रायल प्रार्थनेत बदल करावा का?

कुलाबा_जिल्हा
आपल्या, कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगांत ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून (पुढचं वर्ष लीप असेल तर ५ पासून) अमीदेच्या, म्हणजे रोजच्या मुख्य प्रार्थनेच्या, नवव्या आशीर्वादात ‘ताल उमातार’, म्हणजे दंव आणि पाऊस, मागायला लागतो, ते थेट पेसाखपर्यंत (मार्च-एप्रिलमधला सण). ही तारीख बाबिलोनच्या शेतीवरून ठरलेली. खुद्द इस्रायलमध्ये ७ हेश्वानपासूनच (ज्यू पंचांगातला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा महिना) मागतात.

कोकणात त्या दिवसांत हापूसला मोहोर धरत असतो. एक अवकाळी सर आली की फवारणी धुऊन जाते, करपा शिरतो, मोहोर काळा पडून गळतो. बागायतदार ज्याच्या धास्तीने आभाळाकडे बघतो तेच आपण दिवसातून तीनदा मागायचं? आणि कोकणाचा नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, तेव्हा नवव्या आशीर्वादात पावसाचं नाव नाही.

म्हणून डिसेंबरातली मागणी थांबवावी आणि पावसाळ्यात सोळाव्या, ‘शोमेआ तेफिल्ला’ आशीर्वादात पाऊस मागावा. याला जुना आधार आहे. निनवे या प्राचीन शहरातल्या लोकांना उन्हाळ्यात (प्रार्थनेतला उन्हाळा पेसाखपासून, त्यात आपला पावसाळाही येतो) पाऊस लागे. त्यांनी विचारलं तेव्हा रब्बी (धर्मगुरू) येहूदा हनासींनी हीच जागा दाखवली. सतराव्या शतकात ब्राझीलच्या ज्यूंनी सलोनिकाच्या रब्बी हाइम शब्बेताईंना हाच प्रश्न घातला होता.

सिद्दूरच्या_बाकावरून
पावसाळ्यात सोळाव्यात मागा, त्याला माझी ना नाही. पण डिसेंबरातलं काढायला निनवेचा निर्णय पुरत नाही. शुल्हान अरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ (ओराह हायिम ११७) सांगतो की गावच काय, स्पेनएवढ्या देशाला उन्हाळ्यात पाऊस हवा असला तरी तो देश एका व्यक्तीसारखाच धरायचा: मागणी सोळाव्यात, नववा आशीर्वाद जसाच्या तसा. मध्ययुगातले मोठे रब्बी रोश यांनी १३१३च्या दुष्काळात स्पेनमध्ये अख्ख्या मंडळीसाठी बदल करून पाहिला. एवढ्या मोठ्या माणसाचं लोकांनी ऐकलं नाही.

शिवाय चूक कुठे होते ते बघा. आपली पद्धत सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची). नवव्याचे दोन पूर्ण परिच्छेद आहेत: उन्हाळ्यात ‘बारखेनू’, हिवाळ्यात ‘बारेख आलेनू’. डिसेंबरात सवयीने ‘बारखेनू’ निघालं आणि सोळाव्याच्या आत लक्षात आलं, तर तिथे पाऊस मागून भागतं. अमीदा संपल्यावर आठवलं तर पुन्हा पहिल्यापासून. नवी सवय जिभेवर बसायला तीस दिवस धरलेत. तुम्ही दोन्ही टोकं हलवलीत तर मुंबईचा माणूस ठाण्यात गेला की अडखळणार.

मागच्या_रांगेतून
हा वाद शब्बाथला (शनिवारी) येणाऱ्याच्या कानावरच पडत नाही. शब्बाथच्या अमीदेत सातच आशीर्वाद, मागण्या नाहीत. रायगडात रोजचं मिनयान (प्रार्थनेला लागणारी दहा जणांची मंडळी) जमत नाही, म्हणजे नववा आशीर्वाद म्हणणारा बहुधा घरी एकटाच असतो.

शब्बाथला ऐकू येतं ते दुसऱ्या आशीर्वादातलं ‘मोरीद हगेशेम’. ती पावसाची स्तुती, मागणी नव्हे. ती शेमिनी अत्सेरेथच्या (सुक्कोथला लागून येणारा सण) मुसाफपासून (सणाची जादा प्रार्थना) पेसाखच्या पहिल्या दिवसाच्या मुसाफपर्यंत, उन्हाळ्यात तिच्या जागी ‘मोरीद हताल’. हिवाळ्यात चुकून ‘हताल’ म्हटलं तर परत फिरायचं (पुन्हा म्हणायचं) नाही, उन्हाळ्यात ‘हगेशेम’ म्हटलं तर फिरायचं. हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आधी हे पाठ हवं.

झावळ्यांचा_मांडव
मी मूळ मताच्या बाजूने. सुक्कोथला (झावळ्यांच्या मांडवात, सुक्क्यात, जेवायचा सण) आपण स्थानिक हवामान मानतोच की. मुंबईतून पाऊस माघारी जातो तो साधारण ८ ऑक्टोबरला. सण सप्टेंबरअखेर आला की झावळ्यांतून पाणी थेट ताटात. जेवण नासेल इतकं गळलं की सुक्क्यात बसायची सक्ती उरत नाही, मिश्नेतच (ज्यू नियमांचं प्राचीन संकलन) आहे. काही जण वरून प्लॅस्टिक बांधून ठेवतात आणि तसंच जेवतात, ते चालत नाही. पाऊस थांबल्यावर कागद पूर्ण काढायचा, मग बसायचं. एवढा बारीक विचार करणारी परंपरा मोहोराचा विचार करणार नाही?

सिद्दूरच्या_बाकावरून
सुक्क्यात न बसण्याची मुभा वेगळी, आशीर्वादाचा मजकूर बदलणं वेगळं. पाऊस आला म्हणून कोणी सुक्कोथ जानेवारीत नेलं नाही.

कुलाबा_जिल्हा
मजकूर बदलतच नाही, ‘बारखेनू’ बारा महिने म्हणायचं एवढंच. हिवाळ्यातला पाऊस नुकसानीचा असेल तिथे तो मागू नये, याच अंगाने ब्राझीलच्या प्रश्नाचं उत्तर जातं आणि आपली स्थिती तीच आहे. तरी पावसाळ्यावर आपलं एकमत आहे, तेवढं तरी यंदा करू. सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) सोळाव्या आशीर्वादाच्या पानावर चिठ्ठी: ‘वेतेन ताल उमातार लिव्राखा’. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, पण भाताचा राब त्याआधी पेरतात. म्हणून चिठ्ठी १ जूनला लावायची.

सिद्दूरच्या_बाकावरून
चालेल, मात्र चिठ्ठी नवव्याच्या पानावर सरकता कामा नये. उन्हाळ्यात तिथे पाऊस मागितला तर तो आशीर्वाद पुन्हा घ्यावा लागतो. आणि काढायची कधी तेही आत्ताच ठरवा. हळवं भात सप्टेंबरअखेर कापणीला येतं आणि तेव्हाच्या पावसाने लोंब्या आडव्या होतात. माझ्या मते रोश हशाना (ज्यू नववर्ष) नव्हे, १५ सप्टेंबर. सण दरवर्षी पुढेमागे होतो, भात होत नाही.

झावळ्यांचा_मांडव
गरवं भात ऑक्टोबरअखेर कापतात, त्याला हस्ताचा पाऊस लागतो. अलिबागला १५ सप्टेंबर ठीक, पण जिथे गरवं जास्त लावतात तिथे ही तारीख मला मान्य नाही.