‘६६ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सल्ल्यातून काढून टाकावं का?

रेघोटी
‘२१ दिवसांत सवय लागते’ हे आता मागे पडलंय. त्याच ठामपणे हल्ली ‘६६ दिवस’ सांगतात: आहाराच्या सल्ल्यात, अभ्यासाच्या नियोजनात, सवयींच्या ॲपमध्ये. माझ्या मते हाही आकडा काढून टाकावा.

२१ दिवसांची मुळं संशोधनात नाहीतच. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला.

६६ मागे मात्र युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचं काम आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एकेक कृती निवडायला सांगितली. ती रोज एकाच प्रसंगाला जोडून, १२ आठवडे करायची आणि कृती किती आपोआप झाली याची नोंद रोज ठेवायची. पुरेशा नोंदी ८२ जणांच्या मिळाल्या. आपोआपपणा दिवसागणिक कसा वाढत जाऊन शेवटी स्थिरावतो हे दाखवणारा वक्र ६२ जणांच्या नोंदींना बसला, नीट बसला तो ३९ जणांच्याच. ६६ हा या ३९ जणांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आहे आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. अभ्यास तर ८४ दिवसांतच संपला. म्हणजे २५४ हा मोजलेला आकडा नाही, वक्र पुढे वाढवून काढलेला आहे. शिवाय ‘सवय लागली’ याचा इथे अर्थ स्वतःच्या कमाल पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचणं. ती पातळीच कमी असेल, तर ६६ व्या दिवशीही कृती आठवून आठवूनच करावी लागेल.

सावकाश
आकड्यांबद्दल दुमत नाही, निष्कर्षाबद्दल आहे. आकडा काढला की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे २१ परत येऊन बसतो. वक्र सुरुवातीला भराभर चढतो, मग मंदावतो. तीन आठवड्यांची अपेक्षा ठेवलेला माणूस ऐन मंदावण्याच्या टप्प्यावर ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देतो. त्याला ‘दोन-अडीच महिने धरा’ असं आधीच सांगितलं तर तो टिकतो. याच अभ्यासात पिण्याच्या सवयीचा मध्यक ५९, खाण्याचा ६५ आणि व्यायामाचा ९१ आहे. इतकं सांगणं नक्कीच उपयोगी आहे.

रेघोटी
३९ जणांचे तीन गट पाडले तर प्रत्येकात सरासरी १३ जण उरतात. एवढ्यावर ५९ आणि ६५ मधला फरक सल्ला म्हणून द्यायचा? व्यायामाला जास्त वेळ लागतो एवढं सांगा, ते पटतं.

मोजपट्टी
तुम्ही दोघंही मोजमापाचा प्रश्न सोडून देताय. ‘हे आपोआप झालं का?’ असं रोज विचारलं की तो प्रश्नच आठवण करून देतो. २०२३ मध्ये वेगळ्या वाटेनं काम झालं. जिममधल्या १ कोटी २० लाखांहून जास्त नोंदी आणि रुग्णालयांतल्या हात धुण्याच्या सुमारे ४ कोटी नोंदी घेतल्या. वार, वेळ, मागच्या खेपेपासूनचं अंतर अशा तपशिलांवरून माणूस कृती करेल की नाही याचा अंदाज संगणक कितपत अचूक बांधतो, ते पाहिलं. अंदाज जितका पक्का, तितकी सवय मुरलेली. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागली, जिमला जाण्याची काही महिन्यांत. सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाहीच.

रेघोटी
नोंदी प्रचंड आहेत, पण जिमच्या दारावरची नोंद एवढंच सांगते की माणूस आला. तो विचार न करता आला की मनाशी झगडून, हे त्यात दिसत नाही. आणि जायची सवय वेगळी, आत गेल्यावर काय करायचं त्याची वेगळी. म्हणून प्रश्नावली टाकून देऊ नये, विरळ करावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चार विधानांना १ ते ७ गुण द्यायचे: आपोआप करतो, मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही, विचार न करता करतो, करायला लागल्यावर लक्षात येतं. चारांची सरासरी आलेखावर मांडायची. सलग तीन आठवडे रेघ सपाट आणि सरासरी ४ च्या खाली असेल, तर दिवस मोजत बसू नये, खूण, म्हणजे कृती ज्या प्रसंगाला जोडली आहे तो प्रसंग, बदलावी. बहुतेक वेळा दोष खुणेचाच असतो. ‘संध्याकाळी’ ही खूण नव्हे, ‘दात घासून ब्रश ठेवला की’ ही खूण. सुट्टीच्या दिवशी जी घडतच नाही ती खूण आठवड्याला दोन खाडे पाडते. ‘रात्री मोबाइल बघणार नाही’ यात तर करण्याजोगं काहीच नाही. त्याऐवजी ‘दिवा मालवण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवेन’ असं लिहावं.

सावकाश
खुणेचं पूर्ण मान्य. पण तुमच्या या पद्धतीलाही मुदत लागेलच. २०२१ चा जिमचा मोठा प्रयोग घ्या: ६१,२९३ सदस्य, त्यांना जिमला आणण्यासाठी चार-चार आठवड्यांचे ५४ उपक्रम. त्यांतल्या ४५ टक्के उपक्रमांनी आठवड्याच्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. चार आठवडे संपल्यावरही मोजता येईल असा परिणाम राहिला तो फक्त ८ टक्के उपक्रमांचा. २८ दिवस अपुरे पडतात, याहून स्पष्ट काय हवं?

मोजपट्टी
त्यातून तेवढंच सिद्ध होत नाही. चार आठवड्यांनी बक्षिसं आणि आठवणीचे संदेशही थांबले होते. दिवस कमी पडले की आधार निघाला, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: सर्वांत सरस ठरला तो खाडा पडल्यावर परत येणाऱ्याला छोटं बक्षीस देणारा उपक्रम. लॅलींच्या अभ्यासातही एखाद्या दिवसाच्या खाड्यानं फारसं बिघडलं नव्हतं. सलग दिवसांची साखळी मोजणारी ॲप एका खाड्यावर शून्य दाखवतात, ते या दोन्ही निष्कर्षांच्या उलट आहे.

सावकाश
मग सल्ल्याच्या कागदावर असं लिहू: ‘साध्या कृतीला काही आठवडे, व्यायामाला काही महिने धरा. एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करू नका.’ ६६ नको, पण मुदतीचा अंदाज राहू दे.

रेघोटी
चालेल. त्याखाली आठवड्याच्या आलेखासाठी १२ चौकोन छापा, आणि खुणेची ओळ सर्वांत वर.