मदत हवी आहे: वीज गेल्यावर दाट केसांच्या कुत्र्याला थंड कसं ठेवायचं?

मंडळी, आम्ही अकोल्यात राहतो, वरच्या मजल्यावर. वर उघडा स्लॅब, पारा 44-45 वर. आमचा जर्मन शेफर्ड सहा वर्षांचा, वजन 34 किलो, दुहेरी केसांचा. कूलर चालू असतो तोवर ठीक. पण रोज दुपारी दोन-तीन तास वीज जाते. मग तो मोरीच्या फरशीवर पोट टेकून पडतो. जीभ पार लांब, धापा थांबत नाहीत, जिभेवरची लाळ घट्ट होते.

आतापर्यंत केलेलं: फिरणं पहाटे पाचला, आतले मऊ केस रोज विंचरून काढतो, पाणी दोन ठिकाणी ठेवतो, पोट आणि पंजे ओल्या फडक्याने पुसतो. केस भादरणार नाही, तेच केस उन्हापासून वाचवतात. कृपया तो सल्ला नको. ओला टॉवेल पाठीवर टाकला होता, पण थोड्या वेळात तोच गरम झाला, म्हणून बंद केलं. डॉक्टरांना दाखवलंय, हृदय वगैरे ठीक आहे. एसी परवडणार नाही, घर भाड्याचं असल्याने स्लॅबवर काही कायमचं करता येत नाही.

कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. दुपारी त्याचं 103.4 भरलं, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

वीज नसताना इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा चालतो. त्याच्यासमोर ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा बांधून विदर्भात कुणी मोठ्या कुत्र्याला दुपार काढून दिली आहे का? खोलीची कोणती खिडकी उघडी ठेवलीत, आणि पडदा किती वेळाने भिजवावा लागतो?