अनुभव: पहिली सरळ टीप येईपर्यंत

आईचं पायाने चालवायचं काळं उषा शिलाई मशीन २२ वर्षं गावी माळ्यावर पडून होतं. मागच्या दिवाळीत ते ठाण्याला आणलं. डोकं वेगळं, लाकडी फळी वेगळी, लोखंडी स्टँड वेगळा. डोकं उचलताना भाऊ म्हणाला, "यात शिसं ओतलंय का?" बिडाचं आहे ते, जड असणारच. चाकाची वादी, म्हणजे पट्टा, वाळून तुटली होती. नवी आणली, जास्तीची कापली, टोकांना भोकं पाडून तारेचा आकडा अडकवला. चाक फिरलं तेव्हा इतका आनंद झाला की त्याच रात्री उशीचा अभ्रा शिवायला घेतला.

वरून टीप देखणी. कपडा उलटा केला तर खाली शेवयांचा गुंता. उसवलं, पुन्हा मारली, पुन्हा शेवया. ताणाचा स्क्रू आवळून झाला, सुई बदलून झाली, शेवटी कारागिराला बोलावलं. त्याने काय करावं? वरचा दोरा काढला, कपडा दाबून धरणारा मशीनचा पाय उचलला आणि तोच दोरा पुन्हा ओवला. बास. पाय खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये शिरतच नाही, नुसता वरून जातो. मी चारही वेळा पाय खाली ठेवूनच ओवला होता. "ताई, खाली गुंता दिसला की चूक वरच्या दोऱ्यात शोधायची," असं सांगून १५० रुपये आणि चहा घेऊन तो गेला.

म्हणून हा चर्चेचा धागा. तुमचं मशीन पहिल्यांदा कसं लागलं, कुठे अडलं, ते आपापल्या टोपणनावाने सांगा. शिवलेल्या कपड्यांचं कौतुक नंतर कधीतरी करू, इथे फजितीच हवी.

नागमोडी
मी १९९४ साली पुण्यात क्लास लावला होता. पहिले आठ दिवस बाईंनी दोरा हातात दिलाच नाही. बिनदोऱ्याची सुई आणि खाली वर्तमानपत्र. आधी स्तंभांच्या मधल्या रेघेवरून सरळ जायचं, मग चौकोन, मग गोल, शेवटी नागमोडी. सुईची भोकं रेघेवर पडली की बाई कागद उजेडाकडे धरून बघायच्या. चौकोनाच्या कोपऱ्यात सुई कागदात रुतलेली ठेवून पाय उचलायचा आणि मग कागद वळवायचा, हे तिथेच हाताला कळलं.

खरी लढाई पायांची. चाक आपल्याकडे फिरायला हवं. माझं पायडल दर दोन मिनिटांनी उलटं जायचं. कागदावर त्याने फरक पडत नाही, पण दोरा असता तर खटकन तुटला असता. बाईंचा उपाय सोपा होता: उजव्या हाताने चाकाला आपल्याकडे एक टिचकी द्यायची आणि मगच पाय दाबायचे. उजवं पाऊल जरा पुढे, डावं मागे. दोन्ही पावलं एका रेषेत ठेवली की माझं हटकून उलटं जायचं.

एक सांगते, कागदावर चालवलेली सुई कपड्याला वापरू नका, ती बोथट होते. आमच्या क्लासात तिला "पेपरवाली" म्हणायचे.

जुना रीळ
बाप्याने लिहिलं तर चालेल ना? आमच्या कोल्हापूरच्या घरी आजीचं हाताने फिरवायचं सिंगर आहे. बैठकीवर एक नंबर कोरलाय, इंग्रजी वाय अक्षर आणि पुढे सात आकडे. जुन्या नंबरांची यादी शोधली तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९२८ सालचं निघालं. तो कारखाना १९८० साली बंद पडला. मशीन मात्र पिशव्या शिवतंय.

अडचण अशी की यात गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) चालत नाही. होडीच्या आकाराचं शटल असतं, त्यात बारीक लांबट कांडी बसते आणि ते झोपाळ्यासारखं पुढेमागे होतं. दुकानदार मला तीन वेळा गोल बॉबिन दाखवून म्हणाला, "हेच लागतंय बघा." शेवटी आजीच्या डब्यात बटणांखाली दोन कांड्या सापडल्या. आता त्यांना मी सोन्यासारखं जपतो.

टाके मात्र सुटत होते. तीन टाके धरायचे, दोन गाळायचे. महिनाभर मशीनला शिव्या घातल्या. मग भिंग घेऊन सुई बघितली. सुईला एका बाजूने उभी लांब खाच असते. दोरा त्या खाचेतून खाली येतो आणि त्याच बाजूने नेढ्यात शिरायला हवा. मी पलीकडून ओवत होतो. बाजू बदलली आणि पहिल्या फेरीत वीतभर टीप आली. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कपडा धरायचा, त्यामुळे वेग आपोआप कासवाचा राहतो. नवशिक्याला हेच मशीन द्यावं असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे.

द्राक्षबाग
मी नाशिकची. घरी खोबरेल होतं म्हणून तेलाच्या सगळ्या भोकांत खोबरेल घातलं. ऑक्टोबरात मशीन लोण्यासारखं चाललं. डिसेंबरात सकाळी चाक हलेना! तेल आत गोठलं होतं. केस वाळवायचा ड्रायर दहा मिनिटं लावला तेव्हा सुटलं. मग सगळं रॉकेलने धुऊन, पुसून, मशीनचं पातळ तेल घातलं. प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरतात. तेल घातल्यावर आधी चिंधीवर चार टिपा मारा. मी थेट पांढऱ्या सलवारीवर मारल्या.

खारा वारा
द्राक्षबाग, आमच्या वेंगुर्ल्यात गोठण्याची भीती नाही, पण गंज आहे. पावसाळ्यात चार महिने मशीन बंद राहिलं तर सुईखालची पट्टी तांबूस होते आणि बॉबिन ज्यात बसतं त्या केसचा पत्रा खरखरीत होतो. मग दोरा तिथे अडकून तुटतो आणि आपण रिळाला दोष देतो. मी मशीन बंद करताना तेलाचं बोट फिरवलेली चिंधी पायाखाली दाबून ठेवते. बॉबिन केस वेगळी काढून डबीत.

सुटा पीस
सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात नऊ वर्षं जुकीवर, म्हणजे कारखान्यातल्या वेगवान मशीनवर, बसले. नगावर पैसे, त्यामुळे हाताला वेगाचीच सवय. ती मशिनं मिनिटाला पाच हजार टाके मारतात. घरी पहिल्यांदा साधं मोटारचं मशीन घेतलं तेव्हा मला ते बैलगाडीच वाटलं. पाय दाबून दाबून रेग्युलेटर तापला. घरचं मशीन मिनिटाला आठशेच्या आसपास, त्याला पळवायचं नाही, हे समजायला दोन महिने लागले.

पण कारखान्यातली एक गोष्ट घरीही कामाला येते. बॉबिन केसमधून निघालेला दोरा चिमटीत धरून केस लोंबकळत ठेवायची. नुसती धरली तर ती जागची हलू नये. हलकासा हिसका दिला की दोन बोटं खाली उतरावी आणि थांबावी. सरसर खाली आली तर ताण सैल, हिसक्यालाही हलली नाही तर घट्ट. केसवरचा बारका स्क्रू फिरवायचा तो घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. स्क्रू पूर्ण निघाला तर फरशीवर शोधत बसाल, मी बसले आहे. आणि आधी वरचा दोरा तपासून घ्या, खालचा ताण सगळ्यात शेवटी.

अर्धा मीटर
न्यू जर्सीहून. लग्नानंतर येताना पुण्याहून मोटारचं मशीन आणलं, विमानात वजनाची बोंब झाली ती वेगळीच. इथली वीज १२० व्होल्ट, मोटार २३० ची. मशीन लागलं, पण आजारी माणूस जिना चढतो तसं. जाड कपडा आला की बसून जायचं. (उलटं केलं असतं, म्हणजे इथली मोटार तिकडे लावली असती, तर जळालीच असती.) वर्षभराने इथलंच मशीन घेतलं, वरून बॉबिन टाकायचं. त्यात दोन धडे शिकले. सुईची सपाट बाजू मागे. आणि बॉबिन असं टाकायचं की दोरा ओढल्यावर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं पाहिजे. मी आईकडची धातूची बॉबिनं त्यात घातली होती. दिसायला तीच, पण उंचीत किंचित फरक, आणि तेवढ्याने टाका बिघडतो. आता मशीनसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बॉबिनांशिवाय काही घालत नाही.

ठेचा
अकोला. भावाच्या जीनची उंची कमी करत होतो, म्हटलं त्यात काय आहे. बाजूच्या जाड शिवणीवर पोहोचलो, मशीन चढेना, मी जोर केला. सुई तुटली, टोक थेट चष्म्यावर. चष्मा नसता तर काय झालं असतं बापा!
आता १६ नंबरची सुई लावतो. जाड घडी आली की पायाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवतो, म्हणजे पाय तिरपा होत नाही. आणि तेवढे चार-पाच टाके चाक हाताने फिरवून.

कोरा कपडा
मदत हवी. नवीन मशीन, पहिलाच दिवस. झिगझॅग लावलं तर "टक" आवाज आला आणि सुई वाकली. मशीन खराब आलंय का?

नागमोडी
कोरा कपडा, पाय कुठला लावलाय? सरळ टिपेच्या पायाला मधे एकच बारीक भोक असतं. झिगझॅगमध्ये सुई डावी-उजवीकडे जाते आणि त्या पायावर आपटते. आडव्या लांबट भोकाचा पाय लावा. सुई नवी घाला, वाकलेली सरळ करू नका.

कोरा कपडा
तोच होता. 🙏

मधली आळी
माझा अनुभव दोन ओळींचा. टीव्ही बघत शिवत होते, सुई नखातून आरपार. मालिका सोडली, मशीन नाही सोडलं.

सुटा पीस
मधली आळी, इंजेक्शन घेतलं ना धनुर्वाताचं? आमच्याकडे दर महिन्याला एकीच्या तरी बोटात सुई जायची. सुई अडकली तर बोट ओढायचं नाही. चाक हाताने फिरवून सुई वर घ्यायची.

द्राक्षबाग
खंडेनवमीला कोण कोण मशीन पूजतं? आमच्याकडे झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी टीप मारायची नाही. पूजेआधी कपडा सरकवणाऱ्या दातांखालचा वर्षभराचा कचरा निघतो, हा त्यातला खरा फायदा. यंदा एवढा कापसासारखा बोळा निघाला की त्याची वात झाली असती.

धागा काढणारी
सगळ्यांचं वाचतेय. काल आई आली. ८० च्या पुढची आहे, गुडघे दुखतात, पण मशीन बघून थेट बसली. आधी चाकाच्या मधली चकती सैल केली, बॉबिन भरलं, चकती आवळली. मी आजवर ती सैल न करताच भरत होते आणि बॉबिन भरेपर्यंत सुई उगाच वरखाली नाचत होती. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून अभ्रा पायाखाली सरकवला आणि एका दमात तीन बाजू शिवून टाकल्या. चौथी बाजू माझ्यासाठी ठेवली आहे. टीप सरळ आली तर फोटो टाकते.