बरं वाटतंय, तर गोळी सोडायचीच का?

गुलबक्षी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्यावर व्याख्यान होतं. वक्ते डॉक्टर नव्हते, योग शिकवतात. आहार, चालणं, झोप यावर चांगलं बोलले आणि मग म्हणाले, "डिप्रेशनची गोळी सहा महिन्यांत सुटली नाही, तर समजा तुम्ही तिचे गुलाम झालात." पुढच्या रांगांतल्या माना डोलल्या. मी मागे बसले होते आणि त्याच गोळीची स्ट्रिप माझ्या पर्समध्ये होती.

करोनाच्या आधीपासून मी एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी घेते, दहा मिलिग्रॅम, रात्री जेवण झालं की. त्याआधी हा आजार मला दोनदा होऊन गेलाय. दुसऱ्या वेळी गॅससमोर उभी राहून कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा सांगता यायचं नाही, नोकरी जायची वेळ आली होती. आज नोकरी आहे, झोप लागते, मुलाशी भांडते आणि संध्याकाळी आम्ही एकत्र जेवतो. गोळीचा त्रास काही नाही. तरीही ज्या मोजक्या लोकांना माहीत आहे ते भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "अजून चालूच आहे का गं?" माझी जाऊ थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं घेते, तिला कुणी विचारत नाही.

ज्याला हा आजार पुन्हा पुन्हा येऊन गेलाय आणि जो गोळीवर नीट आहे, त्याच्यावर ती सोडण्यासाठी दबाव आणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमधली 'अँटलर' चाचणी २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. बरीच वर्षं गोळी घेणारे, आता बरे असलेले आणि बंद करावी का असा विचार करणारे ४७८ जण त्यात होते. साधारण निम्म्यांची गोळी चालू ठेवली. बाकीच्यांची कमी करत नेली आणि मग तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. मला ५६ मध्ये जायचं नाही. यात गुलामगिरी कुठे आली?

पर्वती पायथा

ताई, व्याख्यानातलं ते वाक्य वाईटच होतं, त्यावर वाद नाही. पण तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण असहमत आहे.

पहिलं म्हणजे, हेच आकडे उलट बाजूनं वाचा. बंद केलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. त्यांना त्या वर्षात गोळीची गरज नव्हती. आपण त्या ४४ मध्ये आहोत की नाही, हे कळायचा रस्ता तरी मिळायला हवा की नाही? मला तो कुणी दाखवलाच नाही. माझ्या फाइलमध्ये पानामागून पान एकच ओळ आहे, 'सेम ट्रीटमेंट, तीन महिन्यांनी या'. सुरुवात झाली तेव्हा धंद्यात खोट आली होती आणि वडील आजारी होते. दोन्ही गोष्टी कधीच मागे पडल्या. गोळी मात्र तशीच चालू राहिली.

आणि "त्रास काही नाही" हे तुमच्या बाबतीत खरं असेल, सगळ्यांच्या नाही. मी लहानपणापासून सवाईला जातो. गोळी चालू असताना एका वर्षी पहिल्या रांगेच्या जवळ जागा मिळाली, गाणं उत्तम चाललंय हे कानांना कळत होतं, आजूबाजूचे दाद देत होते आणि माझ्या आत काहीच हलत नव्हतं. दुःख वाटत नव्हतं, तसा आनंदही वाटत नव्हता. बायकोजवळ जाण्याची इच्छा गेली ती वेगळीच. तिला वाटलं, आता ती मला आवडत नाही. हा या गोळ्यांचा अगदी सर्रास दिसणारा परिणाम आहे हे मला फार उशिरा समजलं, कारण डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आपल्याकडे असं कुणी आपणहून सांगत नाही. इथे नाव नाही म्हणून लिहितोय.

थायरॉइडचं उदाहरणही बसत नाही. तिथे रक्ततपासणीत टीएसएच मोजता येतं. इथे काय मोजणार?

औषधवाला

सिंहगड रोडला माझं मेडिकल आहे. दोघांच्याही बोलण्यात न आलेली एक गोष्ट लिहितो.

काउंटरवर येणाऱ्या बऱ्याच जणांना आपण नक्की काय घेतो हेच माहीत नसतं. "ती टेन्शनची गोळी द्या" म्हणतात. चिठ्ठी म्हणजे व्हॉट्सअॅपवर ठेवलेला जुना फोटो. मी परत पाठवतो, तर चार दुकानं पुढे जाऊन घेतात. गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर कळतं, एस्सिटॅलोप्रॅम दहा आणि क्लोनाझेपाम अर्धा, दोन्ही एकाच गोळीत. ही जोडगोळी आपल्याकडे भरपूर चालते. क्लोनाझेपाम झोपेच्या औषधांच्या कुळातलं, त्याची सवय लागते. ते बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं असतं आणि इथे ते वर्षानुवर्षं पोटात जातं. मग माणूस एक दिवस ठरवतो, बास, आजपासून बंद. त्याला वाटतं एक औषध थांबवलं, प्रत्यक्षात दोन थांबलेली असतात. क्लोनाझेपाम बऱ्याच दिवसांनंतर एकदम तोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते.

सोडा किंवा घ्या, आधी पत्त्याची मागची बाजू वाचा.

गुलबक्षी

औषधवाले दादा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच पत्ता उलटा करून बघितला. माझ्यात एकच औषध आहे.

पर्वती पायथा, तुम्ही जे सोसलंत ते मी नाकारत नाही. पण मोजता येत नाही हे मला मान्य नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, २७ पैकी गुण. माझ्या डॉक्टर दर भेटीला ती भरून घेतात आणि मागच्या वेळचे गुण शेजारी लिहितात. तुमच्याकडून कुणी भरून घेतली नाही, हा त्या उपचारातला दोष झाला. त्यासाठी माझी गोळी का सोडायची?

फेज तीन

मी हिंजवडीत नोकरी करतो, वय तिशीच्या आत. माझा राग दोन्ही बाजूंवर आहे, तुमच्यावर थोडा जास्त, ताई.

मला घाबरल्यासारखं व्हायचं, मीटिंगच्या आधी छातीत धडधड, म्हणून गोळी सुरू झाली. बरं वाटल्यावर डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस अर्धी घे, पंधरा दिवस एक दिवसाआड, मग बंद. बंद केल्यावर आठवडाही झाला नसेल, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, भडक स्वप्नं, कारण नसताना रडू. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बाजूला घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, आजार परत आला. डॉक्टरही तेच म्हणाले आणि मात्रा वाढवून दिली. पण डोक्यात करंट लागणं हा माझ्या आजारात कधीच नव्हता! आजार उलटतो तो बहुधा आठवड्या-महिन्यांनी, आधीचीच लक्षणं घेऊन. औषध सुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, नवी लक्षणं असतात आणि गोळी परत घेतली की पटकन थांबतो. हे मला वाचून कळलं.

हॉरोविट्झ आणि टेलर यांचा २०१९ चा लॅन्सेट सायकियाट्रीतला लेख याच विषयावर आहे. हॉरोविट्झ स्वतः डॉक्टर, एस्सिटॅलोप्रॅम सोडताना स्वतः हैराण झालेला. त्यांनी सिटॅलोप्रॅमचं, म्हणजे एस्सिटॅलोप्रॅमच्या अगदी जवळच्या औषधाचं, दाखवलंय की २० मिलिग्रॅमला मेंदूत औषध जिथे काम करतं ती ठिकाणं सुमारे ८० टक्के व्यापलेली असतात. मात्रा ९ वर आणली तरी ७० टक्के. म्हणजे अर्ध्याहून कमी केली तरी फरक दहा टक्क्यांचाच. पण २.३ वरून शून्यावर आलात की एकदम ४० टक्के जातात. सगळी उडी शेवटी आहे. त्यामुळे शेवटी पावलं लहान हवीत, आणि आपल्याकडे नेमकं शेवटीच "आता बंद" म्हणतात. एक दिवसाआड हा प्रकारही वाईट, रक्तातलं औषध रोज वरखाली होतं.

आता ताई, अँटलरमध्ये मात्रा साधारण दोन महिन्यांत काढली होती. त्या ५६ टक्क्यांत काही जण माझ्यासारखे नसतील कशावरून?

निवासी

मी सायकियाट्रीत एम.डी. करतोय, पुण्यातच, सरकारी रुग्णालयात. कुणाचीही मात्रा इथे सांगणार नाही.

फेज तीन, तुमची शंका रास्त आहे, संशोधकांनीही ती घेतली आहे. पण वाचणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजू सांगतो. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. औषध थांबवल्यावर साधारण तिघांपैकी एकाला काही ना काही त्रास झाला, पण नुसती खोटी गोळी थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना झाला. तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. औषधाप्रमाणे फरक पडतो. पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त जड जातं. फ्लुओक्सेटीन शरीरात खूप दिवस रेंगाळतं, त्यामुळे तुलनेनं सोपं.

पहिल्यांदाच आजार आला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. त्यामुळे गुलबक्षीताईंचा निर्णय आणि फेज तीनचा निर्णय एकाच मापानं मोजता येत नाहीत. मला खटकतं ते आमच्याच बाजूचं. सकाळच्या ओपीडीत बाहेर बाक भरलेले असतात, एका माणसाला मोजकी मिनिटं मिळतात, आणि त्या घाईत 'सेम ट्रीटमेंट' लिहिणं सोपं असतं. औषध कमी करायचं तर माणसाला दर काही आठवड्यांनी बघावं लागतं.

ब्रिटनमध्ये २०१५ साली ४२४ जणांवर झालेल्या चाचणीत माइंडफुलनेसवर (आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावावर) आधारित उपचार देऊन औषध कमी केलेल्यांत दोन वर्षांत ४४ टक्क्यांचा आजार उलटला, औषध चालू ठेवलेल्यांत ४७. म्हणजे पर्याय आहे, पण तो शिकवणारी प्रशिक्षित माणसं लागतात.

औषध कमी करताना मरणाचे विचार यायला लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

नाना, सदाशिव पेठ

वाद तरुणांचा चालला आहे, पण ही गोळी म्हातारी माणसंही घेतात. आमच्या सौ. सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा परदेशी गेल्यावर त्यांनी जेवण टाकलं, तेव्हा गोळी सुरू झाली आणि गुणही आला. बीपीसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी आधीपासून होती. एका सकाळी त्या मला ओळखेनात, तुळशीला पाणी घालायचं सोडून तांब्या घेऊन दारात उभ्या. आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम ११८. ते १३५ च्या वर हवं. या दोन्ही गोळ्या सोडियम उतरवतात, आणि दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आजवर कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. औषध बदललं, आता ठीक आहेत, डिप्रेशनवरची गोळी दुसरी चालू आहे.

गुलबक्षीबाई, तुम्ही जरूर घ्या. पण वयाबरोबर तीच गोळी अंगाला वेगळी लागू शकते, तेव्हा 'त्रास नाही' हे दरवर्षी नव्यानं तपासा.

पर्वती पायथा

नाना म्हणतात तेच माझं म्हणणं आहे. ताई, एकच विचारतो. एवढ्या वर्षांत तुमच्या डॉक्टरांनी "कमी करून बघायचं का" हा विषय कधी काढला?

गुलबक्षी

नाही काढला. मीही काढला नाही, कारण मला सोडायची नाही. पुढच्या भेटीत काढीन, आणि सोडियमचंही विचारीन. उत्तर "कमी करू या" असं आलं तरी मी बहुतेक नाहीच म्हणेन. दोनदा पडलेय, तिसऱ्यांदा माझ्या मुलानं मला तशी बघावी असं मला वाटत नाही. हे तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

पर्वती पायथा

नाही पटत. पण निर्णय तुमचा, आणि तो तुम्ही विचारून घेताय. मला ती संधीच मिळाली नव्हती.

फेज तीन

ताई, विचाराल तेव्हा नुसतं "कमी करायची का" असं विचारू नका, लगेच हो किंवा नाही येतं. "कमी करायची ठरली तर किती महिन्यांत, शेवटची मात्रा किती, आणि मधे त्रास झाला तर फोन कुणाला" असं विचारा. मी आता दुसऱ्या डॉक्टरांकडे याच तीन प्रश्नांवर गेलो. त्यांनी कागद घेऊन महिनावार लिहून दिलं. सध्या पाच मिलिग्रॅमवर आहे आणि दिवाळीपर्यंत तिथेच थांबायचं ठरलंय.