पिशवीच्या दरापेक्षा प्लाझ्माचं विचारा

'आम्ही फुकट देतो आणि रक्तपेढी पिशवीला दीड हजार लावते, म्हणजे धंदाच' ही रक्तदान शिबिरांत नेहमी ऐकू येणारी तक्रार मला अर्धवट वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर रक्तविक्रीवर बंदी आली. घेतात ते प्रक्रिया शुल्क. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया या चाचण्या, पिशवी, साठवण यांना खर्च येतोच. थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना तर शुल्क माफ आहे, पण तसा फलक कुठे ठळक लावलेला दिसलाय का कुणाला?

मला खटकतं ते प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवाचं. प्लेटलेट पाच दिवसांत वापराव्या लागतात, लाल पेशी जेमतेम सहा आठवडे टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर राहतो. उरलेला औषध कंपन्यांकडे जातो, त्यापासून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठीचा फॅक्टर आठ अशी औषधं बनतात. सरकारनेच त्यासाठी पेढीला मिळणारा मोबदला लिटरला १६०० रुपये ठरवला होता. बेकायदा काही नाही, औषधंही हवीतच. दात्याच्या संमतीपत्राच्या सरकारी नमुन्यात याचा उल्लेखही आहे. पण साहेबांच्या वाढदिवसाच्या मांडवात, मागे रांग आणि कानाशी डीजे असताना तो वाचणार कोण? (त्या एका दिवशी शेकडो पिशव्या, आणि मे महिन्यात ठणठणाट, हा वेगळाच विषय.)

तेव्हा आयोजकांनी पेढीला आधीच लेखी विचारावं: मागच्या वर्षी किती पिशव्या मुदत संपून फेकल्या, किती प्लाझ्मा कुणाला दिला आणि ते पैसे कशावर खर्च झाले. उत्तर टाळणाऱ्या पेढीला पुढचं शिबिर देऊ नये.