पलंगाला लावायची बाळाची कॉट, तीही वापरलेली: तुमचे अनुभव सांगा

मला सातवा महिना लागलाय. मानपाड्याला वन बीएचके, पलंग आणि कपाट यांच्यात जेमतेम अडीच फूट जागा. बाळ पहिले सहा महिने तरी आमच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नणंदेच्या ओळखीत एक बेडसाइड कॉट मिळतेय, पलंगाकडची बाजू खाली होणारी. आमच्याकडे बाळाला पहिलं अंगडंही वापरलेलंच घालतात, त्यामुळे घरात कुणाची ना नाही. भीती मलाच वाटते. ज्यांनी अशी कॉट घेतली त्यांनी काय तपासलं, काय राहून गेलं, सगळं लिहा.

ऐरोलीची आई:
आमचं राहून गेलं ते सांगते. घणसोलीच्या एका घरातून कॉट आणली, अगदी नव्यासारखी. ती पट्ट्यांनी पलंगाच्या चौकटीला आवळायची असते. दोनपैकी एक पट्टा हरवलेला होता, आणि आमचा पलंग सामान ठेवायचा बॉक्सचा, जमिनीपर्यंत सगळीकडून बंद. पट्टा बांधायचा कशाला? शेवटी नाडीने बांधली. रात्री तीनला पाजायला उठले, तर कॉट सरकून माझ्या गादीत आणि तिच्यात पंजा जाईल एवढी फट पडलेली, आणि दीड महिन्याच्या लेकीचा पाय त्या फटीत. पोटात गोळा आला. सासूबाई म्हणाल्या, फटीत चादरीची गुंडाळी खुपसू. पण नाक त्या मऊ गुंडाळीत दाबलं गेलं, तर एवढ्याशा बाळाला मान फिरवून सुटता येत नाही. त्या रात्रीपासून चौथी, म्हणजे पलंगाकडची बाजू कायम वर, कॉट पलंगापासून फूटभर लांब. हात पोचतो, तेवढं पुरे.

म्हणून सांगते, कॉट बघायच्या आधी आपला पलंग बघा. त्याला पट्टा बांधता येतो का, गादीसकट उंची किती. युरोपच्या २०१९ च्या मानकात पलंगाकडची बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीपेक्षा १२ सेंमी वर राहायला हवी, असं आहे. जुन्या कॉट त्याआधीच्या असू शकतात.

कोलशेतचा सुतार:
माझ्याकडे अशा कॉट दुरुस्तीला येतात. गजांमधली फट ६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर घेऊ नका. बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. चारही कोपरे धरून हलवा. डगडगली तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही, भोक खाऊन मोठं झालेलं असतं, आवळलेला स्क्रू महिन्याभरात पुन्हा ढिला. नटबोल्ट मूळचेच हवेत. आणि मोठ्या पाळण्याची बाजू वर-खाली सरकणारी असेल तर नकोच. खटका निखळला की बाजू एका टोकाला लोंबते. अमेरिकेत २०११ पासून तसे पाळणे विकायला बंदी आहे.

नौपाड्याची आजी:
आमच्याकडे माझ्या मुलांचा लाकडी पाळणा होता, हिरव्या-लाल रंगाचा. नातवाला त्यातच निजवायचं मी मनाशी धरलं होतं. सून म्हणाली, आई, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा, कठड्याचे पोपडे सुटलेले. दात येताना पोर तेच चावणार. घासून घ्यावा म्हटलं, तर ती धूळ घरभर. वाईट वाटलं मला, खोटं का बोलू. बारशाला नव्या दुपट्यावर बाळ तासभर त्यात घातलं, आत्याने कानात नाव सांगितलं, आणि पाळणा पुन्हा माळ्यावर.

सानपाडा:
गादी नवीच घ्या. जुनीला पावसाळ्याचा कुबट वास होता, उलटली तर खाली बुरशी. त्याच मापाची, घट्ट, कडेला दोनपेक्षा जास्त बोटं जाणार नाहीत अशी. उशी, लोड काही नको.

कामोठ्याचा बाबा:
आमचा मुलगा साडेचार महिन्यांचा असताना पालथा पडला, त्याच दिवशी बेडसाइड कॉट बंद केली. महिनाभर अजून चालली असती असं वाटतं, पण हातावर जोर देऊन उठायला लागलेलं मूल त्या बुटक्या बाजूवरून पडू शकतं. पुढे ती वाशीच्या एका जोडप्याला दिली तेव्हा पट्टे, सगळे बोल्ट आणि माहितीपत्रक पिशवीत घालून कॉटलाच बांधलं. मला ती घेताना यातलं काहीच मिळालं नव्हतं.

मानपाडा, पुन्हा:
वाचून लगेच पलंग मोजला. आमचाही बॉक्सचाच. नणंदेला फोन केला, चौथी बाजू वर करून पक्की बसते का ते विचारलं, ती म्हणाली बघून सांगते. शनिवारी आम्ही जातोय. टेप पर्समध्ये टाकलाय.