नव्याला जास्त, जुन्याला कमी : हे कसं निस्तरायचं?

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, जरा लांबण आहे, सांभाळून घ्या.

प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघते. हाताखाली १४ माणसं, आणि एक जागा पाच महिने रिकामी. हवंय काय, तर पीएलसीचं (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) लॅडर, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम, वाचून बदलता येणारा, सर्व्हो ड्राइव्हशी (मोटरची हालचाल नेमकी ठेवणाऱ्या यंत्रणेशी) झटापट केलेला आणि रात्री दोन वाजता मशिन बंद पडलं तर घाबरून न जाणारा माणूस. बायोडेटा शंभरावर आले. बोलावले ११. मुलाखतीसाठी मी एक जुनं पॅनेल ठेवलंय. त्यातल्या एका रिलेची वायर आधीच सैल करून ठेवते आणि म्हणते, 'हे का चालत नाही ते शोधा.' नऊ जणांनी लॅपटॉप जोडायला मागितला. दोघांनी आधी मीटर मागितला. त्या दोघांतला एक पगाराचा आकडा ऐकून चहा न पिताच उठला. दुसऱ्याने मंजूर पगाराच्या ४० टक्के वर मागितले. वरच्यांनी एका दुपारीत होकार दिला. पाच महिने जे बजेट नव्हतं, ते जेवणाच्या सुट्टीनंतर सापडलं.

खरी अडचण पुढेच आहे. माझा सगळ्यात जुना माणूस ११ वर्षं इथे आहे. आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो. येणाऱ्या पोराला त्याच्यापेक्षा साधारण पाव पट जास्त मिळणार, आणि पहिले सहा महिने त्या पोराला मशिनं दाखवायची ती यानेच. हे मी त्याला नीट बसवून सांगणार होते. पण ऑफर लेटरचा मसुदा प्रिंटला टाकला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. त्याच प्रिंटरवर तो वायरिंगचं ड्रॉइंग घ्यायला गेला होता. परत आले तर कागद टेबलावर पालथा ठेवलेला, वर पेपरवेट. "मॅडम, तुमचा कागद," एवढंच म्हणाला.

याला दोन आठवडे झाले. काम चोख करतो, तक्रार शून्य. फक्त पाळी संपल्यावर घरी जाताना एकेका मोटरवर हात ठेवत जायचा, ते बंद झालंय. आता थेट गेटकडे जातो.

त्याचा पगार वाढवा म्हटलं तर 'वार्षिक वाढीत बघू' असं उत्तर येतं. बाजारात माणसंच नाहीत म्हणतात ना? मग घरात आहे त्या माणसाला बाजारभाव का नाही?

भरतीवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ते पाप आमच्या खात्याचं आहे. भरतीचा पैसा आणि वाढीचा पैसा दोन वेगळ्या खिशांतून येतो. नव्याचा पगार ठरवताना बाजार बघतात. जुन्याचा ठरवताना त्याचाच गेल्या वर्षीचा पगार बघतात आणि त्यावर ठरलेले टक्के चढवतात. बाजार शांत असेल तर कुणाला काही कळत नाही. एखाद्या कसबाला अचानक मागणी आली की नव्याचा पगार जुन्याच्या पगाराला येऊन भिडतो. आम्ही याला सॅलरी कम्प्रेशन म्हणतो. तुमच्याकडे त्याच्याही पुढे जाऊन उलटापालट झालीय.

एक कळकळीची विनंती : त्याला 'बाहेरून ऑफर आण, मग बोलू' असं कुणालाही म्हणू देऊ नका. ऑफर आणायची म्हणजे त्याने रजा टाकायची, मुलाखती द्यायच्या, दुसरीकडे आपली किंमत ऐकायची. एवढं केल्यावर माणूस मनाने गेलेलाच असतो. मग काउंटर ऑफर (थांबावं म्हणून आपणच वाढवून दिलेला पगार) देऊन राहिला तरी किती दिवस?

त्याऐवजी एका पानावर हिशेब मांडा. पाच महिन्यांचा ओव्हरटाइम, मशिनं बंद राहिलेले तास, एजन्सीची फी, नव्याला तयार करण्याचे सहा महिने. उद्या हा गेला तर हेच सगळं दुपटीने, कारण शिकवणाराही तोच. शेजारी त्याच्या वाढीचा आकडा लिहा. वरचे लोक नैतिकतेला बधत नाहीत, पण बंद मशिनच्या तासाला बधतात.

आणि हे पगार लपवण्याचे दिवसही सरत चाललेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची कक्षा छापावी लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढला : उमेदवाराला पगार मुलाखतीआधी सांगा आणि आधीचा पगार विचारू नका. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिली. अशा ठिकाणी प्रिंटरची गरजच नाही, जुना माणूस स्वतःची किंमत जाहिरातीत वाचतो.

सरळ बोलतो

नव्याला घेऊ नका, तेच पैसे जुन्याला द्या. विषय संपला.

रात्रपाळी

@सरळ बोलतो, काम दोन माणसांचं आहे हो. एकालाच दोघांचे पैसे देऊन तो दोन्ही पाळ्यांना उभा राहणार नाही. सध्या तेच चाललंय, म्हणून तर इथवर आलो.

जुनी पानं

'माणसं मिळत नाहीत' हे रडगाणं फार जुनं आहे. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडमध्ये शेतमजूर इतके मेले की उरलेले जास्त मजुरी मागू लागले. राजाने १३४९ मध्ये फर्मान काढलं, १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदा केला : मजुरी साथीच्या आधीच्या दरानेच. पण पीक तर कापायचंच होतं, त्यामुळे मालकच गुपचूप जास्त देऊ लागले.

अलीकडचा किस्सा. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीची बेकारभत्त्याची जुनी संगणक यंत्रणा अर्जांखाली दबली. ती ज्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत होती ती कोबोल येणारे हवेत म्हणून गव्हर्नरांनी आवाहन केलं, तेही स्वयंसेवकांना! दुर्मीळ कसब हवं, पण सेवाभावाने. संकटाचे दिवस होते हे मान्य, तरी मला हसू आलं होतं.

उलट उदाहरण फोर्डचं. असेंब्ली लाइनच्या कंटाळवाण्या कामाला वैतागून लोक इतके सोडून जात की १९१३ मध्ये सुमारे १४ हजारांचा ताफा टिकवायला ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, जवळपास दुप्पट. गळती झपाट्याने उतरली. मात्र त्यातला निम्मा भाग नफ्यातल्या वाट्याचा होता, आणि तो मिळण्याआधी कंपनीचे तपासनीस घरी येऊन राहणीमान बघून जायचे. कुणी फोर्डला दानशूर म्हणायला लागला की मी हे मुद्दाम सांगतो.

थोडक्यात, जाहिरात दिली आणि कुणी आलं नाही, एवढ्यावरून तुटवडा ठरत नाही. कुठल्या पगाराला कुणी आलं नाही, ते विचारावं. अर्थात पगार वाढवला म्हणून पुढच्या महिन्यात तयार फिटर उगवत नाही, हेही खरंच. कसब मुरायला वर्षं लागतात.

जुना फिटर

ताई, मी तुमच्या त्या माणसाच्या जागी होतो. नऊ वर्षं एका ठिकाणी. नवा आला, त्याचा पगार मला कॅन्टीनमध्ये कळला. मी काही बोललो नाही. आठ महिन्यांनी राजीनामा दिला, तेव्हा साहेब म्हणाले, "आधी सांगायचं की." अहो, मी काय सांगणार? आकडे त्यांच्याकडे होते.

बाहेरच्यांना या कामातलं दिसत नाही. आमच्याकडे एक मशिन अधूनमधून उगाच थांबायचं. नव्या पोराने सेन्सर बदलला, मग इनपुट कार्ड बदललं, प्रोग्रॅम दोनदा तपासला. पोरगं हुशार होतं, माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं. पण मशिन फक्त लांबच्या स्ट्रोकला, म्हणजे हलणारा भाग लांबवर सरकला की, थांबायचं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. केबल चेनच्या (हलत्या भागाबरोबर तारा नेणाऱ्या साखळीच्या) वळणावर एक तार आतून तुटलेली, वरचं आवरण शाबूत. स्ट्रोक लांब झाला की ताण येऊन सुटायची, मागे आली की परत जुळायची. मी टॉर्च घेऊन चेनशेजारी उकिडवा बसलो, वीस मिनिटं नुसतं बघितलं. हे कुठल्या बायोडेटात लिहायचं? आणि लिहिलं तर त्याचे किती देणार?

आमच्या कारखान्यात मंदी आली तेव्हा पहिली कुऱ्हाड शिकाऊ उमेदवारांवर पडली. दहा वर्षांनी तेच लोक विचारत होते, अनुभवी माणूस का मिळत नाही.

पैसे द्याच. पण त्याला शिकवायला लावताय ना, तर ते काम म्हणून धरा. हुद्द्यात लिहा, त्याचा वेगळा भत्ता द्या. फुकटात गुरू करू नका.

रात्रपाळी (तीन आठवड्यांनी)

@भरतीवाला, पान लिहिलं. बंद तासांचा आकडा मीच पहिल्यांदा एकत्र बघितला, आणि थोडा वेळ गप्प बसले. वर दिलं. नव्याच्या पातळीपर्यंतची वाढ मान्य झाली, पण निम्मी आत्ता आणि निम्मी सहा महिन्यांनी. शिकवण्याच्या भत्त्यावर अजून घोळ चालू आहे, 'खर्चाचा असा हेड नाही' म्हणतात. दोन शिकाऊ घ्यायला मात्र लगेच तयार झाले. स्वस्तात पडतात म्हणून असेल.

तो ४० टक्केवाला पुढच्या सोमवारी येतोय.

जुन्याला मी काल केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं, प्रिंटरसकट. माफीही मागितली. त्याने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "बरं. सहा महिन्यांनंतरचं ते पत्रात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. आज परत एचआरकडे चाललेय.